गोऱ्या पोरीच्या दगडावरचे सिक्के

बाबा, लाईनीपलीकडच्या त्या गोऱ्या पोरीच्या कबरीवर आता लोक सिक्के चिपकवून राहिले. परवा नातीसंगं गेली होती, तवापासून माझं डोकं तापलं आहे. पोरगा म्हणते, जाऊ दे ना आई. सून म्हणते, चहा घ्या. चहा घेतला, राग तिथंच आहे.

नात कॉलेजात जाते बरं का आता. चौबे कॉलोनीतून मले स्कूटीवर मागं बसवते अन् बूढापाऱ्याच्या तळ्याजवळून अशी काढते, की हवा लागून मीच पोट्टी होऊन जाते. मराठी सारी समजते तिले, जबाब मात्र हिंदीत. म्हणाली, "दादी, मन्नत वाली कब्र चलोगी?" मले वाटलं कोण्या पीराची असन. जाऊन पाहते तर आपलीच.

रेल्वेची लाईन टाकली त्या जमान्यात साहेबाची लेक तापानं गेली, तिची ती कबर. तुमी रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होते, रविवारी तिथलं गवत कापाले तुमालेच धाडत, अन् मी मागून डबा घेऊन येऊ. तुमाले वाचता येत नव्हतं. एका गार्डसाहेबानं तिचं नाव एकदा वाचून दाखवलं, ते तुमी पाठ करून ठेवलं होतं. माझं बोट धरून त्या कोरलेल्या अक्षरांतून फिरवा अन् नाव म्हणा. त्यात एक कंगव्यासारखं अक्षर होतं, मले लई आवडे. मग एक दिवस मालगाडीच्या डब्यावर तोच कंगवा दिसला अन् मी अशी ओरडली, की सारी गँग हसाले लागली. शाळा माझी दोन-तीन वर्गांची, तेही हिंदीत. इंग्रजी जे काय आलं ते त्या दगडावर.

अन् तिथंच तुमी मले रागावले होते. आत्यानं खाऊले दिलेला पैसा मी नवा फराक मिळावा म्हणून कबरीवर ठेवला, तर तुमी उचलला. म्हणाले, "मेलेल्या लेकराले पैसा कायले पाहिजे? तिचं नाव घे, तेवढं पुरे." मग गोल बाजारातून त्याच पैशाची पाटीवरची पेन्सिल घेऊन दिली. अर्धी मी खाल्ली, ते तुमाले माहीत असनच.

आता काय करतात आयका. उभ्या दगडावर सिक्का घासायचा अन् दाबायचा, चिपकला तर मन्नत पुरी. साफ जागी चिपकत नाही, म्हणून सारे नावावरच घासतात, खाचेत अडकते ना. घासून घासून नाव गेलं, बाबा. माझ्या कंगव्याचे दात गेले. एक चांगला इस्त्रीच्या शर्टातला माणूस जोर लावून राहिला होता. मी म्हटलं, भैया, तुमच्या बापाच्या नावावर असं घासान का? तर म्हणते, "अम्मा, सबकी आस्था है." आस्था तुमची, मग पुसून काहून राहिले त्या लेकराचं नाव? तो दगडाच्या मागच्या बाजूले गेला अन् तिथं घासू लागला.

वळून पाहते तर आमची पोट्टीही सिक्का दाबून राहिली. चिपके अन् पडे, चिपके अन् पडे. मी तिले सर्वांसमोर झापलं. शिकलेली ना तू, म्हटलं, कोणाच्या खानदानातली हायस माहीत आहे का? मान खाली घालून म्हणाली, "आपके घुटने के लिए कर रही थी, दादी. आप ऑपरेशन से डरती हो ना."

त्या माणसावर राग होता, तो तिच्यावर काढला. तिचा हात धरून मी दगडाच्या खाली, गवताजवळ, कसंबसं वाकून तिचा सिक्का ठेवला. गुडघ्याले लागलं लई. मग तिचं बोट धरून त्या पुसलेल्या जागेवरून फिरवलं अन् नाव म्हटलं, तुमी म्हणत तसंच. चुकीचंही असन, आता तपासाले दगडावर काही उरलं नाही. पोट्टीनं दोनदा म्हटलं. जिभेवर बसलं तिच्या.

सिक्का मात्र उचलला नाही मी. घरी येतानाही मागं वळून पाहिलं, जागेवर आहे का म्हणून. समोर असते तर तुमाले हे सांगाची हिंमत झाली नसती. तुमाले वाचता येत नव्हतं, म्हणून लिहून टाकलं.