उजवा गाल

मंगळवार, ९ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. पत्रात हे वाक्य सगळेच लिहितात, पण मी चार वर्षांत पहिल्यांदा ते खरं लिहितो आहे.

पाकिटावरचं अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, ते मुद्दाम. माझं अक्षर बघून तू पाकीट फळीवर टाकलं असतंस, तिच्या अक्षराला तू नाही म्हणणार नाहीस. फोन का केला नाही, असं वाटेल. आता मला बोलता येतं ना, म्हणून मी दिवसभर बोलतच असतो, आणि फोनवर गिऱ्हाइकांच्या गमती सांगत मुद्दा टाळला असता. कागदावर माणूस इतका सहज पळत नाही.

तर आधी बातमी. ऑपरेशनला परवा तीन महिने झाले. तुझी वहिनी म्हणते, तुला थोडंफार माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐक. तोंड आता चालतं!

दुखणं गालात होतं, पण मूळ कानामागे, कवटीच्या आत. चेहऱ्याच्या नसेला एक रक्तवाहिनी घासत होती. वारा लागला, घास चावला, पाणी लागलं, दोन शब्द बोललो की उजव्या गालात वीज शिरायची. दोन-चार सेकंदांचा खेळ, पण तेवढ्यात माणूस संपायचा. हे कळायच्या आधी दाताच्या डॉक्टरने माझे तीन चांगले दात काढले. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. भर उन्हाळ्यात मी मफलर गुंडाळून दुकानात उभा राहायचो आणि कटिंग करताना ब्र काढायचो नाही. न बोलणारा केस कापणारा कुणी पाहिलाय का? पोस्टमास्तर, आपले शनिवारचे, सांगत सुटले होते की मी कसलंतरी व्रत घेतलंय.

मोठ्या हॉस्पिटलातल्या बाई डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ओळखलं. कानामागे छोटं भोक पाडून त्यांनी नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये बोळ्याएवढी गादी बसवली. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं जड होतं, मळमळत होतं, खोली फिरत होती. नर्स ओला टॉवेल घेऊन आली आणि मी काही म्हणायच्या आत तिने माझं तोंड पुसलं. मी पलंगाची दांडी घट्ट धरून वाट बघत बसलो. काही झालं नाही. पुन्हा पुसा, म्हटलं. तिने पुन्हा पुसलं. मग मी रडलो, आणि तिला वाटलं दुखतंय.

पहिला आठवडा भिंतीला धरून चाललो. टाके निघाले तेव्हा आरशात मागचं बघितलं. कानामागचे केस कुणीतरी असे भादरले होते की आपल्या दुकानात त्या माणसाला झाडूसुद्धा हातात दिला नसता. डॉक्टरांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, आत कापलेलं सरळ आहे ना, मग झालं.

गोळ्या हळूहळू कमी केल्या, परवा शेवटची बंद झाली. ओठाजवळ थोडी बधिरता आहे, चहा हनुवटीवर ओघळला तर उशिरा कळतं. दुखणं कधी परत येऊ शकतं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. येईल तेव्हा बघू. दीड महिन्याने अर्धा दिवस दुकान उघडलं, आता पूर्ण दिवस उभा असतो. सकाळी सायकलवर जातो, मफलर कपाटात. मागच्या आठवड्यात एक अख्खं सफरचंद दातांनी तोडून खाल्लं. तुझी वहिनी समोर बसून बघत होती, तिने भाजीत मीठ दोनदा घातलं.

सगळं जमलं, एक दाढी सोडून. चार वर्षांची दाढी छातीपर्यंत आलेली. डॉक्टर म्हणाल्या, आता काढायला हरकत नाही. मी म्हटलं, करणारा बाहेरगावी असतो. त्या हसल्या. त्यांना काय माहीत.

आता मुद्द्यावर येतो. चहा पिऊन आलो मध्ये, तेवढाच उशीर.

बाबांचा नियम तुला पाठ आहे. दुकान उघडलं की आधी भावांनी एकमेकांची दाढी करायची, मग गिऱ्हाईक. ज्या हाताखाली भाऊ मान देत नाही, त्या हाताखाली परक्याने का द्यावी, असं ते म्हणायचे. आपण वीस वर्षं तो पाळला. त्या दिवशी मला उठायला उशीर झाला, म्हणून आपली दाढी सुरू झाली तेव्हा बाकावर सहा माणसं बसली होती. तू उजव्या गालावर वस्तरा टेकवलास आणि माझ्या गालात वीज कडाडली. मी उसळलो, त्या उसळण्यात वस्तरा लागला. रक्त बघून मी तुझ्या कानाखाली वाजवली. गाल कापलास, म्हणून ओरडलो. तू फेसाचा ब्रश धुतलास, जागेवर ठेवलास आणि निघून गेलास.

छोट्या, कळ आधी आली आणि रक्त नंतर. त्या क्षणी मला ते समजलं नाही, इथपर्यंत माफ असेल. पण आठव्या दिवशी घरी तोंड धुताना तीच वीज आली. तिथे वस्तरा नव्हता आणि तूही नव्हतास. नळ सुरू ठेवून मी उभा राहिलो आणि मला सगळं कळलं.

तू अजून गावातच होतास. तुझी बस दोन दिवसांनी होती, तुझी खोली दुकानापासून दहा मिनिटांवर. मी आलो नाही. उलट पोस्टमास्तरांनी विचारलं, धाकटा कुठे गेला, तर म्हणालो, त्याचा हात जड झालाय. ते दुकानभर झालं, मग बाजारभर. सहा माणसांसमोर मारलेली थोबाडीत परत कशी घ्यायची, हे मला सुचलं नाही. थोरलेपण आड आलं, दुसरं काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर माझ्याच डोक्यात बसला होता. चार वर्षं प्रत्येक कळेबरोबर मला तुझा ब्रश धुणारा हात दिसला. मला लाज वाटते.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर तुझ्या वहिनीने सांगितलं की तू दर रविवारी तिला फोन करून एकच प्रश्न विचारायचास, दादा जेवतो का. हे तिने मला चार वर्षं सांगितलं नाही, कारण तू शपथ घातली होतीस. तिने शपथ मोडली. तिच्यावर रागावू नकोस.

मग गेल्या शनिवारी मी एक काम केलं. दुकान भरलेलं होतं, पोस्टमास्तर खुर्चीत, अंगावर कापड. मी कात्री खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“माझ्या भावाचा हात कधीच जड नव्हता. माझा गाल आजारी होता. हे मला आठ दिवसांत कळलं होतं आणि मी खोटं बोललो.”

पोस्टमास्तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “चार वर्षं मी पण तेच सांगत फिरलो. आता परत फिरून सांगावं लागेल.” आणि खरंच, सोमवारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं होतं. त्या माणसाने पत्रं वाटण्यात जन्म घालवलाय, उगीच नाही.

ते उठल्यावर मी स्वतः खुर्चीत बसलो. आधी कात्रीने डावी बाजू बारीक केली, मग फेस लावला आणि डावा गाल केला. गुळगुळीत, तुरटी फिरवून. मग वस्तरा पुसून ठेवून दिला. उजव्या बाजूची दाढी जशीच्या तशी आहे.

तीन दिवस मी असाच फिरतोय. रस्त्यात लोक थांबून बघतात, तुझी वहिनी माझ्या डाव्या बाजूने चालते म्हणजे तिला बरी बाजू दिसते. गिऱ्हाइकं म्हणतात, उस्ताद, स्वतःची पुरी करता येत नाही आणि आमची करता? मी म्हणतो, उजव्या गालाचा कारागीर वेगळा आहे. तुझी खुर्ची मी कुणाला दिलेली नाही. कापड घालून ठेवलीय, आठवड्याला झटकतो.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी येतो आहे. खिडकीशी बसणार, काच उघडी ठेवून, वारा उजव्या गालावर घेत. तुझ्या तिकडच्या दुकानात बाकावर शेवटच्या माणसाच्या मागे बसेन. ओळख देऊ नकोस हवं तर. माझा नंबर आला की तुला वाटेल ते कर. नाही म्हणालास तर याच अर्ध्या तोंडाने परत येईन आणि असाच राहीन, पण दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

हो म्हणालास तर वस्तरा जपून वगैरे फिरवू नकोस. नेहमीसारखा फिरव. आता मी हलणार नाही.

तुझ्या हाताखाली मान द्यायला येणारा,
दादा