बाबांची शिट्टी

१४ मे

तीर्थरूप ताईस नमस्कार. (तीर्थरूप म्हटलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं म्हणतेस, म्हणून मुद्दाम.)

इकडे सगळं ठीक. बेटावर सुरय पक्ष्यांची वाळूतली अंडी फुटून पिल्लं बाहेर यायला लागली आहेत. होडी दर सोमवारी येते. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबा मजेत आहेत. आठ दिवसांसाठी पाठवलेस, त्याला महिना झाला. जन्मभर चौकात वाहतूक सांभाळलेला पोलीस इथे स्वस्थ बसेल, असं तुला वाटलं तरी कसं? पहिल्याच दिवशी घरट्यांजवळ गेले, तर पक्ष्यांनी डोक्यात चोची मारून पिटाळलं. दुसऱ्या दिवशी माझं भाताचं पातेलं डोक्यावर घालून पुन्हा हजर. तेव्हापासून भात मी कढईत करतो. पाहुणे उतरले की बाबा शिट्टी फुंकतात आणि सगळ्यांना रांगेत, दोरीच्या अलीकडून नेतात. शिट्टीने पिल्लं घाबरतात, ती धक्क्यावरच वाजवा म्हटलं, तर म्हणाले, लेखी दे. दिलं.

त्यात परवा आमचे मोठे साहेब तपासणीला आले. बेटावर राखणदार ठेवायचा की नाही, म्हणजे माझी नोकरी राहणार की जाणार, ते तेच ठरवणार होते. फोटोसाठी साहेबांनी दोरी ओलांडली आणि बाबांनी कॉलर धरून त्यांना मागे ओढलं. अहो, साहेब आहेत, सोडा, असं मी म्हणालो.

"असतील," बाबा म्हणाले. "पण इथली हद्द माझ्या मुलाची आहे."

साहेबांनी खाली पाहिलं, तर बुटापासून वीतभर अंतरावर पिल्लू. राखणदार हवाच, असा शेरा लिहून साहेब गेले. नोकरी वाचली.

ताई, हेच बाबा चारचौघांत सांगायचे, आमचे चिरंजीव पगार घेऊन पाखरं राखतात. पोलिसात गेलो नाही म्हणून इतकी वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला तिथेच रडू आलं. डोळ्यात वाळू गेली म्हणून सांगितलं.

बाबांना कधी पाठवतोस, असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस आणि मी दरवेळी हवामान कळवतो. काल धीर करून त्यांना विचारलं, सोमवारच्या होडीने जाणार का. पिल्लं उडेपर्यंत रजा मिळायची नाही, म्हणाले. ती उडाली की थंडीतले पाहुणे पक्षी येतात आणि ते फार बेशिस्त असतात, असं मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.

त्यांची खोली भाचीला अभ्यासाला देऊन टाक. बाबा मला हवे आहेत.

बाबांच्या हाताखालचा,
तुझा धाकटा