वारा नऊ वाजता सुटेल

प्रिय बारक्या,

तुझा फोन बंद आहे, आणि माझा कोण ऐकत असेल याचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देतेय. तू कुठे आहेस ते ठाऊक नाही असं ती म्हणते, पण घरात एकटी असून स्वयंपाक दोघांचा करते.

आधी तुझ्या लेकीची बातमी. भिंगरीच्या नाकातली नळी काल काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला, फक्त जिना चढताना काही महिने दम लागेल. नळी निघाल्या निघाल्या तिने विचारलं, बाबा का येत नाही? कामासाठी गावाला गेलाय, अशी थाप मारली. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिला थाप कळते रे, तुझीच लेक.

माझं काम तुला कधी धड सांगितलं नाही. तू गॅरेजमध्ये मित्रांना सांगायचास, आमची ताई धुराचं भविष्य सांगते. तसं ते खरंच आहे. शहर रोज साधारण तेवढाच धूर ओकतं. तो उडून जाणार की आपल्या उरावर बसणार, हे ठरतं हवामानावर. आभाळ मोकळं, वारा पडलेला, अशा थंड रात्री जमीन गारठते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. झाकण उघडेपर्यंत खालचा धूर खालीच. ते किती घट्ट बसलंय हे पाहायला आम्ही रोज पहाटे हायड्रोजनचा फुगा सोडतो. त्याला बांधलेलं यंत्र वर जाता जाता तापमान कळवतं.

हे सगळं झालं त्याच्या आदल्या आठवड्यात मी धोक्याचा इशारा दिला होता. शाळा बंद ठेवल्या, आणि आठ वाजताच वारा सुटून लख्ख ऊन पडलं. गावभर हसं झालं. तूही फोन केलास, ताई, पुन्हा शाळा बंद केलीस तर पोरगी तुझ्या टेबलावर आणून बसवीन. मीही हसले. पण ते आतून कुठेतरी लागलं होतं. तुला दोष देत नाही, लावून घेणारी मीच.

भिंगरी कोसळली त्या दिवशी पहाटे फुग्याचे आकडे मास्तरांनी वाचले. मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने, निवृत्तीला चार महिने उरलेले. मला हे काम त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, बाई, झाकण घट्ट आहे, दुपारपर्यंत हलत नाही, शाळा बंद ठेवा. कॉम्प्युटर मात्र नऊला पश्चिमेचा वारा दाखवत होता. मी म्हटलं, मास्तर, मला दुसऱ्यांदा तोंडघशी पडायचं नाही. ते म्हणाले, तोंडघशी पडलेला माणूस उठतो हो. मी ऐकलं नाही. 'हवा मध्यम, वारा नऊ वाजता सुटेल' असं लिहिलं आणि खाली सही केली.

वारा सुटला नाही. दहा वाजता खिडकीतून समोरचा दिव्याचा खांब दिसेना. मी घाईघाईने इशारा बदलला, तोवर शाळेत पोरांच्या शर्यती सुरू झाल्या होत्या. चार पोरं मैदानातच कोसळली. भिंगरी त्यातली एक. तिच्याच बाकावर बसणारी मुलगी दवाखान्याच्या दारातच दगावली.

दुपारी लोक आले. आधी काचा फुटल्या. मग खुर्च्या, कॉम्प्युटर, पंखे, हाताला लागेल ते. कारकुनाला केस धरून जिन्यावरून ओढत खाली आणलं, प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं. माझ्या कानाखाली कुणीतरी अशी मारली की अजून त्या कानाने नीट ऐकू येत नाही. सही कुणाची, सही कुणाची, असं सगळे ओरडत होते. माझी, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलाखाली शिरले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात हायड्रोजनच्या टाक्यांची खोली आहे, टेबलाखालून उघड्या दारातून ती समोरच दिसत होती. एकाने रॉकेलचा बोळा पेटवला आणि लोंढा तिकडे वळला. मास्तर धावत जाऊन त्या दाराला पाठ लावून उभे राहिले. ओरडत होते, अरे, आत गॅस आहे, गल्ली उडेल, तुम्हीपण मराल. कोण ऐकतंय. लोकांना वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय. पहिला फटका खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला टेबलाखाली ऐकू आला. तरी त्यांनी कडी सोडली नाही. दुसरा डोक्यावर बसला. ते दाराला टेकूनच खाली घसरले, दारावर रक्ताचा पट्टा उमटला. रक्त पाहून बोळा धरणाऱ्याने तो टाकून दिला, बोळा चिखलात पडून विझला.

चाकं खोलायचा तो लांब पाना मी ओळखते, बारक्या. त्याच्या मुठीला गुंडाळलेली निळी चिकटपट्टी मीच तुला आणून दिली होती. तू वळलास तेव्हा आपली नजर भिडली. तुझ्या तोंडावर राग नव्हता. आई गेली त्या दिवशी दिसत होतास तसा दिसत होतास. मग तू पळालास.

पोलिसांना मी सांगितलं, डोळ्यांत धूर गेला होता, कुणी दिसलं नाही. दोनदा आले, दोन्ही वेळा तेच सांगितलं. अकरा दिवस स्वतःला समजावत होते की मूळ चूक माझी, मग तुझं नाव मी कुठल्या तोंडाने घेऊ? आणि अकरा दिवस रोज संध्याकाळी मास्तरांच्या उशाशी बसत होते. त्यांची बायको मला चहा द्यायची. म्हणायची, तुमचं फार कौतुक होतं त्यांना.

आज सकाळी मास्तर गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. ज्या माणसाने शाळा बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं, तोच तुझ्या हातून गेला, आणि माझ्या गप्प बसण्याने गेला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. उद्या अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. आधी माझ्या सहीचं सांगेन, मग पान्याचं. दहापासून फाटकाशी उभी असेन. तू स्वतःहून आलास तर तुझा हात धरून आत येईन, आणि तू बोलेस्तोवर मी तुझं नाव घेणार नाही. नाही आलास तर एकटी जाईन, पण जाईन. भिंगरीची काळजी करू नकोस, त्या दोघी मायलेकींचं माझ्यावर सोड, मला मोकळं ठेवलं तर. ये रे.

तू काहीही केलंस तरी तुझीच,
ताई