थाइमचा वाफा आणि धाकटीची निर्दोष बाजू

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रोपवाटिका, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आणायची कोणाची हिंमत नाही. माझं पूर्ण नाव वकिलांनी पहिल्या पानावर घातलं आहे, पण गल्लीत 'रोपवाल्या काकू' म्हटल्याशिवाय मला कोणी ओळखणार नाही. गुडघे गेले, एक कान गेला, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

कलम एक. राहतं घर, वरच्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एका मुलाला देत आहे. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती त्याने बसवून घ्यावी. अकरा वर्षं 'बघतो' म्हणतोय.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलगा आणि सूनबाई यांना निम्मी-निम्मी. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

कलम तीन. मागचं अंगण, रोपवाटिका, खुरपी, झाऱ्या आणि रोपांचे ट्रे हे सर्व एकट्या सूनबाईच्या नावे करत आहे. मुलाच्या नावे केलं तर महिन्याभरात तिथे फरश्या बसतील आणि गाडी उभी राहील, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. बाबा रे, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा जीव गाडीत आहे आणि तिचा मातीत, त्याला तू तरी काय करणार?

सूनबाईने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गिऱ्हाईक थाइम मागायला येतं तेव्हा आधी विचारतं, हे काय असतं? त्याला पान चुरगळून हुंगायला द्यावं. ओव्याच्या नात्यातला वास आहे, लगेच ओळख पटते. झुडूप जेमतेम वीतभर वाढतं, पानं तांदळाच्या दाण्याएवढी, पण सूपमध्ये किंवा भाजलेल्या बटाट्यांवर चार काड्या पडल्या की घरभर कळतं. फुलं यायच्या बेतात असतील तेव्हा सकाळी, दव वाळल्यावर, वरची कोवळी काडी कापावी आणि सावलीत उलटी टांगून वाळवावी. उन्हात वाळवली तर वास उडून जातो आणि हातात गवत उरतं. थोडी फुलं मधमाश्यांसाठी राहू द्यावीत, सगळंच आपलं नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, याचे लाड करू नयेत. खत नको, सावली नको, रोज पाणी तर मुळीच नको. खडीवाळू मिसळलेली हलकी माती आणि दिवसभर ऊन एवढंच त्याला पुरतं. गिऱ्हाइकं प्रेमाने पाणी घालून घालून मारतात आणि मग रोप खराब होतं म्हणून भांडायला येतात. त्यांच्याशी वाद घालू नये, पालथ्या घड्यावर पाणी. दुसरं रोप द्यावं आणि झारी लपवून ठेवायला सांगावं.

कलम चार. फडताळातल्या काचेच्या तीन बरण्या, वाळलेल्या थाइमने भरलेल्या, समोरच्या डॉक्टरांना देत आहे. खोकल्याला थाइमचा काढा घेणं म्हणजे अडाणीपणा, असं ते पेशंटसमोर सांगतात आणि थंडी पडली की मागच्या दाराने येऊन मूठभर नेतात. आता पुढच्या दाराने न्यावं.

कलम पाच. कोपऱ्यावरच्या पाववाल्याला काहीही देत नाही. त्याला साक्षीला बोलावलं आहे, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, असं वकील म्हणतात. तसंही वीस वर्षं माझं थाइम पावावर भुरभुरून 'आमच्या भट्टीची खासियत' म्हणून सांगतोय. त्याला भरपूर मिळालेलं आहे.

कलम सहा. हे लिहायला मला चार दिवस लागले.

भिंतीलगतचा थाइमचा पूर्ण वाफा, म्हणजे एकवीस झुडपं, मुळांसकट आणि मातीसकट, माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे. ती शिवणकाम करते, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि गेल्या नऊ वर्षांत या घरी आलेली नाही. कारण खालीलप्रमाणे.

माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका पत्र्याच्या डब्यात थाइमचं रोप आणलं होतं. ही रोपवाटिका त्या एका रोपावर उभी राहिली. खालची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, महिना-दीड महिन्यात तिला मुळं फुटतात, मग कापून वेगळी करायची. असं करत मी शेकडो रोपं विकली. थाइम तीन-चार वर्षांत लाकडासारखं होतं, मग ते काढून नवं लावायचं, हा धंद्याचा नियम. पण ते पहिलं झाड मी काढलं नाही. नवरा गेल्यावर तर नाहीच.

नऊ वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. धाकटी कामं बंद ठेवून घर आणि झाडं सांभाळायला आली. मी तीन आठवड्यांनी परतले तर ते झाड वाळून कोळ झालेलं. शेजारीपाजारी मला बघायला आले होते. त्या सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "माझ्या नवऱ्याची शेवटची खूण तू पाणी घालून मारलीस." तिने दुपारी पिशवी भरली आणि गेली.

संध्याकाळी मी ते झाड उपटलं. पाण्याने मेलेल्या थाइमची मुळं काळी पडतात, त्यांना घाण वास येतो, आणि हात लावला की साल सुटून येते. ती मुळं घट्ट होती, स्वच्छ होती. पाण्याचा काही संबंध नव्हता. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, परत येईन की नाही या भीतीने, सगळं नीटनेटकं करून जावं म्हणून मीच मोठ्या कात्रीने ते झाड पार खाली, हिरवं पान नसलेल्या लाकडापर्यंत छाटलं होतं. जुन्या लाकडाला थाइम पुन्हा फुटत नाही. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगते. माझ्या हातून झालं आणि बोंब तिच्या नावाने मारली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

म्हणजे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दोन गल्ल्या चालायच्या होत्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आधी लाजेने, मग सवयीने. सूनबाईने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी विषय बदलला. याची मला फार लाज वाटते. झाड माझ्या हातून मेलं, धाकटीच्या नाही, हे या कागदाने जाहीर व्हावं आणि ज्यांच्यासमोर मी तिला बोलले त्यांना वाचून दाखवावं.

(येथवरचा मजकूर टाइप करून झाला होता. पुढील पुरवणी मी हाताने, सर्वांसमक्ष लिहीत आहे.)

पुरवणी. हे सगळं मी मेल्यावर उघडलं जाणार होतं. आज सकाळी सह्यांसाठी वकील आणि पाववाला, असे दोघे ठरलेले साक्षीदार आले, तेव्हा वाटलं, हासुद्धा भित्रेपणाच. मेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? म्हणून सूनबाईला पाठवून धाकटीला बोलावून घेतलं. येईल असं वाटलं नव्हतं. आली. गळ्यात शिवणाची टेप तशीच होती. सहावं कलम मी तिच्या हातात दिलं.

तिने उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि परत वाचलं. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, नऊ वर्षं मी घरात एक कुंडी ठेवली नाही. माझ्या हाताने झाड मरतं असं वाटायचं मला."

मी माफी मागितली. वकिलांच्या देखत मागितली, पाववाल्याच्या देखत मागितली. ती म्हणाली, लगेच माफ करायला ती काही देवी नाही, राग आहे आणि तो काही दिवस राहील. बरोबर आहे तिचं. मग डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "मेल्यावर काय द्यायचंय? द्यायचंय ते आत्ता दे."

आम्ही दोघी अंगणात गेलो. माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मी सांगत गेले आणि ती खणत गेली. एकवीसच्या एकवीस झुडपं पाववाल्याच्या रिकाम्या क्रेटांत भरली. वाटेतल्या दगडांवरून तो कुरकुरत होता, पण धाकटीच्या घरापर्यंत चार फेऱ्या त्यानेच केल्या.

सबब कलम सहामधील दान रद्द करत आहे, कारण सदर वस्तू माझ्याकडे उरलेली नाही. त्याच कलमातला कबुलीचा मजकूर मात्र कायम ठेवावा. वाफा रिकामा आहे, त्यात काय लावायचं ते सूनबाईने ठरवावं. धाकटीने वकिलांना विचारलं, आता तिला या कागदातून काही मिळत नाही ना? नाही, म्हणाले. मग सही ती करणार, असं तिने सांगितलं, आणि वकिलांनी साक्षीदाराची आपली जागा तिला सोडली.

वरील सर्व वाचून, समजून, राजीखुशीने सही करत आहे.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिनांक: चौदा मार्च, दुपारचा दीड.

(सही) रोपवाल्या काकू, खरं नाव पहिल्या पानाप्रमाणे.

साक्षीदार एक: पाववाला, कोपऱ्यावरची भट्टी. सही केली. काही मिळालं नाही अशी तक्रार नोंदवून घ्या म्हणाला, नोंदवली.

साक्षीदार दोन: धाकटी बहीण, शिवणकाम. सही केली. पत्त्याच्या रकान्यात तिने 'रविवारपर्यंत मुक्काम ताईकडे' असं लिहिलं आहे. हा पत्ता चालत नाही म्हणून वकील खोडायला निघाले होते. मी खोडू दिलं नाही.