पाटीवर नुसतं आई

आष्टा,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय क्रांतीस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून पत्र. परवा मुंबईला पायलचं प्रदर्शन बघून आले. कलाकेंद्र कसलं, मोठं गोदामच! एका कोपऱ्यात बादली होती. ती कला होती की गळतीखाली ठेवलेली, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटच्या दालनात माझ्या लेकीचं काम. भिंतभर प्लास्टरचे हात, भाकरी थापतानाचे. पाटीवर एकच शब्द, आई. माझा ऊर भरून आला. मग डाव्या हाताची वाकडी करंगळी दिसली. कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडलेली, तुझी.

लोक आईला भेटायला येत होते आणि मी पदराखाली हात लपवून उभी. नर्सची नोकरी, सारख्या बदल्या, म्हणून पोर दहावीपर्यंत तुझ्याकडे ठेवली. सांभाळायला दिली होती गं, देऊन टाकली नव्हती. मला तुझा हेवा वाटतो, लय वाटतो. पाव्हण्यांना जयभीम.

तुझी,
आक्काताई

औंध (जि. सातारा),
१० फेब्रुवारी

ती. स्व. आक्काताईस,
क्रांतीचा सप्रेम जयभीम.

पाटीचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. पायलने इथं चार दिवस माझ्या हातांचे साचे घेतले. कशाला विचारलं, तर म्हणाली, मावशे, बघशील की. पण बघायला बोलावलंच न्हाई. उद्घाटनाचा फोटो तेवढा मोबाईलवर आला. तू पहिल्या रांगेत, तिचा हात तुझ्या खांद्यावर. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शाळेच्या गॅदरिंगलाही असंच. वेणी मी घालायची आणि तिचं एकच, आई येणार हाय. तू दोन तासांसाठी यायचीस, मी मागे बसायची. तुझ्यावर जळत जळतच वाढवली मी ती पोर. आता हात माझे नेले आणि मिरवायला तुला नेलं.

रागव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी धाकटी,
क्रांती

आष्टा,
१५ फेब्रुवारी

प्रिय क्रांतीस,
अ. उ. आ.

पायलला फोनवर धरलं. रडायलाच लागली. म्हणाली, दोघी शेजारी उभ्या राहिल्या आणि कुणी विचारलं यातली आई कोण, तर मी काय सांगू?

प्रदर्शन पंचवीसपर्यंत आहे. तिला न सांगता दोन तिकिटं काढलीत. चोवीस तारखेला, शनिवारी सकाळी सातला सातारा स्टँडवर ये. विचारणारं कुणी नसलं तर मीच विचारीन.

तिने तुझ्याकडे बोट दाखवलं, तर परतीच्या गाडीत माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडे दाखवलं, तर खिडकीची जागा तुला.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
आक्काताई