झाड उतरवायची तारीख

५ जानेवारी

साहेब म्हणाले, "नाताळ संपला की झाड उतरवा. त्याच दिवशी किल्ल्या आणि खोली तुमच्या जागी येणाऱ्या नव्या बाईंना द्या." म्हणजे झाड गेलं की मीही गेलो! एकतीस वर्षं या खलाशांच्या वसतिगृहाची राखण केली. आता जिन्याखालची खोली सोडून पुतण्याकडे जायचं. तिथे माझा पलंग दारामागे. कोणी दार उघडलं की ते माझ्या पायावर.

पण नाताळ संपतो कधी, ते साहेबांनी सांगितलंच नाही.

६ जानेवारी

सकाळपासून धडधड. गोळी घेतली की नाही, आठवेना.

सात नंबरचा आयरिश रंगारी म्हणाला, "काय आजोबा, झाड अजून उभंच? आमच्याकडे आज उतरवतात. पुढे ठेवलं तर वर्षभर काही खरं नाही!" तेवढ्यात स्पेनचा इंजिनियर भडकला. "आज तर आमच्या पोरांना भेटी मिळतात! बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे आणतात. आजच काय उतरवता?"

मी लगेच इंजिनियरच्या बाजूने. साहेबांना कळवलं — स्पेनचा नाताळ अजून चालू आहे. साहेब हसले. "बरं, पाहुण्यांचा संपेपर्यंत राहू दे."

आता एकेका खोलीत जाऊन विचारायचं, तुमचा कधी संपतो.

९ जानेवारी

बाई आल्या. "काका, उतरलं का झाड?" नाही म्हटलं. "बरं." छत्री झटकली, स्वयंपाकघरात आचाऱ्याकडे चहा घेतला, गेल्या.

१३ जानेवारी

नको तो दिवस! स्वीडनच्या तिघांचा आज नाताळचा विसावा आणि शेवटचा दिवस. झाडाभोवती नाचले, त्यावर टांगलेला खाऊ खाल्ला आणि झाड ओढत दाराकडे निघाले. म्हणे, आता बाहेर फेकायचं! मी दारात आडवा उभा. "अरे बाबांनो, थांबा!" एक फांदी मोडली. सुतळीने बांधली.

शेवटी पोलंडचा आचारी धावला. "हात लावू नका. आमच्याकडे दोन फेब्रुवारीपर्यंत नाताळची गाणी म्हणतात." मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, खरंच का रे?

"आईशपथ. हल्ली लोक आधीच उतरवतात, पण माझी आई नाही उतरवायची."

मोजले. वीस दिवस!

१४ जानेवारी

पानं गळतात, सुयांसारखी. तीनदा झाडलं. दिव्यांची वायर तापते का, सारखा हात लावून बघतो.

२० जानेवारी

बाई आल्या. "किती देश राहिले, काका?" हसतच विचारलं. एकच, म्हटलं, पण तो दोन फेब्रुवारीपर्यंत. हसू गेलं. "बरं" म्हणाल्या. आज चहा न घेता गेल्या.

२३ जानेवारी

आचारी कांदे चिरता चिरता म्हणाला, "त्या बाईंनी सहा तारखेलाच जुनी खोली सोडली, ठाऊक आहे? साहेबांनी तीच तारीख दिली होती. मुलीला घेऊन बहिणीकडे आहेत. पोरगी दाराशी झोपते. येणारा-जाणारा तिला ओलांडून जातो."

मला कशाला सांगितलं! मी काय करू? साहेबांना विचारूनच ठेवलंय झाड. पाहुण्यांचा संपेपर्यंत, असं तेच म्हणाले.

"मग तू दोन तारीख सांगितलीस कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलीत म्हणून."

२४ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. दाराशी अंथरूण दिसतं. माझं नव्हे.

पुतण्याला फोन केला. "या की काका," म्हणाला. पलंगाचं काही बोललो नाही.

२५ जानेवारी

झाड उतरवलं. सुतळी सोडवून ठेवली, कामाला येईल.

आचारी दारात येऊन म्हणाला, "आज कुठल्या देशाचा संपला?"

म्हटलं, माझा. किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या.