दारूला आग्रह नसतो

आबा, तुमची ठासणीची बंदूक आता माझ्या नावावर आहे. परवान्यासाठी धाराशिवला इतक्या खेपा झाल्या, की कचेरीबाहेरचा चहावाला न सांगता साखर कमी घालायला लागला. अर्जातला ‘पीकसंरक्षणार्थ’ हा शब्द बघून कारकुनानं विचारलं, “मास्तर हाय का?” मी म्हणालो, “न्हाय, नववी नापास.” तो हसला. मला हसू आलं नाही, थकलो होतो.

आता बांधावर बसलो की तुम्हीच दिसता. उकिडवे बसला आहात, हातात बैलाच्या शिंगाचं टोक कापून केलेलं माप. काळी दारू त्यात घेता, वरची बोटानं सपाट करता, मग नळीत सोडता. वर कागदाचा बोळा, गजानं ठासणं. एकदा माप माझ्या हातात दिलंत आणि मी शिगोशीग भरलं. डुक्कर मोठं तर बार मोठा, एवढंच माझं गणित. तुम्ही ते परत डब्यात ओतलंत. “पंगतीला वाढतूस व्हय रं? दारूला आग्रह करायचा नसतो. नळी जुनी हाय, तिला पचंल तेवढंच.” डुक्कर मारायचं नव्हतं, पळवायचं होतं, म्हणून छर्रेही तुम्ही घालत नव्हतात. चुलते पारावर सगळ्यांसमोर म्हणायचे, “आमच्या भावाच्या बारानं डुक्कर नुसतं जागं हुतं.” तुम्ही हसत पानाला चुना लावत राहायचात.

यंदा डुकरांनी अर्धा भुईमूग उकरला आहे. शेजारचं रान चुलत्यांचं, त्यांचंही तेच. परवा दिवस मावळताना ते बांधावर आले. मी तुमच्याच मापानं दारू सोडली. मग सुरू झालं. “घाल की अजून जरा.” नको म्हणालो. “एवढ्यानं काय हुतंय? लई झालं तुमच्या घरचं फुसकं. घाल, माझ्यासाठी एक माप.” त्यांनी स्वतःच डबा वाकवला, तसा मी नळीच्या तोंडावर हात आडवा धरला, तुम्ही पत्रावळीवर धरायचात तसा. ते थांबले. “बापावरच गेलाय,” म्हणाले आणि डबा खाली ठेवला. बार झाला, डुकरं ओढ्यापलीकडं गेली. काल पुन्हा आली. आजही येतील.

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? उद्या बोळ्याला लागेलच. फक्त एक राहिलं. तुमचा हात शहाणपणानं हलका होता, असं मी सगळ्यांना सांगतो. माझा भीतीनं हलका आहे. नळी फुटायची भीती तुम्हालाही वाटायची का, हे विचारायचं राहून गेलं. परवा आडवा धरलेला माझा हात थरथरत होता. चुलत्यांनी ते बघितलं, आबा. पारावर अजून कुणाला सांगितलेलं नाही.